पेटीतला अर्धा स्वेटर



आज आपण विणकामाबद्दल बोलणार आहोत. पण नवीन नमुना नाही. आज बोलायचं आहे ते घराघरातल्या जुन्या, अर्धवट राहिलेल्या विणकामाबद्दल. बैठकीत सहज विचारलं, "कोणाच्या घरी अर्धं राहिलेलं विणकाम आहे?" की आधी सगळ्या हसतात. मग एकेक हात वर होतो. कोणाचा स्वेटर गळ्यापर्यंत येऊन थांबलेला. कोणाची एक बाही झाली, दुसरी नाही. कोणाचं टोपरं बाळासाठी घेतलं होतं, अन् बाळ आता बालवाडीत जातं. कोणाकडे नुसतीच लोकर, सुईवर टाके घातलेले, पुढे काही नाही. हे सगळं पिशवीत बांधून पेटीत तळाशी, गोधड्यांच्या खाली.

आणि विचारलं की का राहिलं, तर उत्तर बहुतेक एकच मिळतं: "मला नाही जमत हो. माझ्या हातून काही पुरंच होत नाही."

मैत्रिणींनो, आजचं सगळं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे. कारण हे वाक्य खरं नसतं. जिने गळ्यापर्यंत स्वेटर विणला, तिने हजारो टाके बरोबर घातलेले असतात. ती अडली ती एका टाक्यापाशी, एका वळणापाशी. आपण गटात थकलेल्या कर्जाचं काय करतो? बाई वाईट आहे असं म्हणतो का? नाही. वही उघडतो, हप्ता कुठे थांबला ते बघतो, का थांबला ते विचारतो, आणि पुढचा हप्ता लहान करून देतो. अर्धवट विणकामालाही तेच लागू आहे. ते कुठे थांबलं ते शोधायचं. कारण कळलं की उपाय असतो.

काम थांबतं का?

आपल्याकडे एक मोठं कारण तर हवामानातच आहे. थंडी पडायला लागली की लोकरीची आठवण येते. पण विदर्भात थंडी आणि कापसाची वेचणी बरोबरच येतात. दिवाळीनंतर वावरात पऱ्हाटी फुटलेली असते, हरभरा-गव्हाची पेरणी, ओलीत, मग तुरीची कापणी. दिवसभर वावरात वाकून आलेल्या बाईने रात्री स्वेटर किती विणायचा? संक्रांत होते, थंडी ओसरते, आणि विणकाम पिशवीत जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हणून पहिली गोष्ट, थंडी आल्यावर सुरुवात करायची नाही. पोळा झाला की पेटी उघडायची. तिथून दिवाळीपर्यंत दीड-दोन महिने हातात मिळतात.

आणि आपल्या थंडीला कमी समजू नका. नागपूर म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. वावरातल्या झोपडीत, कौलारू घरात पहाटे ते काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं कारण बाजार. दर हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी बांधवांची वसाहत १९७२ पासून आहे, तिथलेही लोक हा धंदा करतात. त्यातला बराच माल पंजाबात लुधियान्याला यंत्रावर तयार होतो. स्वस्त मिळतो, रंगीत मिळतो. मग घरचे लोक म्हणतात, एवढ्यात तयार मिळतो तर डोळे कशाला फोडतेस? त्यांचं म्हणणं पैशाच्या हिशेबाने चूक नाही. पण पेटीत पडलेल्या लोकरीचे पैसे तर आपण आधीच दिलेले आहेत. ती तशीच ठेवली तर ते पैसे गेले. पुरं केलं तर अंगावर ऊब आली.

तिसरं कारण खरं आतलं आहे. टाका सुटला, नमुना विसरला, लोकर संपली, आणि विचारायला कोणी नव्हतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलो, किंवा माहेरी आईजवळ बसून शिकलो. लग्न होऊन सासरी आलो, तिथे विणणारी कोणी नाही. अडलं की अडलंच. या तिसऱ्या कारणावर आज आपण काम करू या.

आधी पेटी उघडा

सगळं अर्धवट विणकाम एकदाच बाहेर काढा. उन्हात चादर टाका, त्यावर पसरा. आता एकेक वस्तू हातात घेऊन चार प्रश्न विचारा.

पहिला, लोकर चांगली आहे का? खऱ्या मेंढीच्या लोकरीला कसर लागते, बारीक भोकं पडतात. बाजारात बहुतेक मिळते ती ॲक्रिलिकची, तिला कसर सहसा खात नाही. धागा दोन हातांत धरून हळूच ओढा. तुटला तर ती लोकर गेली.

दुसरा, ज्याच्यासाठी विणत होतो त्याला अजून होईल का? टेप लावून मोजा. अंदाज नको. पोरगं वाढलं असेल तर तो स्वेटर धाकट्याला, पुतण्याला, भाच्याला होईल का ते बघा.

तिसरा, पुरेशी लोकर उरली आहे का?

चौथा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा, मला हे अजून हवं आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर लाज वाटून घेऊ नका. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत काढतात. घरातली, गावातली पीडा तिच्याबरोबर बाहेर काढून देतात. तसंच जे विणकाम बघितलं की नुसतं मन खट्टू होतं, ते उसवून टाका. उसवणं म्हणजे हरणं नाही. लोकर मोकळी होते, तिचं दुसरं काही होतं.

उसवलेली लोकर वाकडी-तिकडी, कुरळी दिसते. तिचा लगेच गुंडा करू नका. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा. चार ठिकाणी दुसऱ्या धाग्याने सैलसर बांधा. कोमट पाण्यात भिजवा, न पिळता दाबून पाणी काढा, आणि सावलीत टांगा. खालून एखादी हलकी वस्तू अडकवली की धागा सरळ होतो. वाळल्यावर गुंडा करा.

जे ठेवायचं ठरलं त्याचे दोन ढीग करा: लवकर होणारं आणि वेळ लागणारं. आणि सुरुवात लवकर होणाऱ्यापासून करा. एक टोपरं पुरं झालं की हाताला जे बळ येतं, ते अर्ध्या राहिलेल्या तीन स्वेटरांकडे बघून येत नाही.

पुन्हा सुरू करताना

वर्षानुवर्षं सुईवर अडकून राहिलेली शेवटची ओळ ताणली जाते. लोखंडी सुई असेल तर गंजाचा डागही पडतो. म्हणून तिथूनच पुढे विणू नका. वरच्या दोन ओळी उसवा, टाके नीट सुईवर घ्या, आणि मग पुढे चला. नाहीतर कपड्यावर आडवी रेघ उमटते.

सुई निसटून टाके मोकळे झाले असतील तर कपडा ओढू नका, झटकू नका. सपाट जागी ठेवा. एक बारीक सुई घ्या आणि एकेक फास तिच्यावर ओवून घ्या. सगळे आले की मोजा.

आता आपण कोणत्या ओळीवर होतो ते कसं कळणार? विणकाम स्वतःच सांगतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण असेल तर सुलट बाजूला टाके लहान-लहान बाणांसारखे दिसतात. उभा एक बाण म्हणजे एक ओळ. सगळ्या ओळी सुलट असतील तर आडव्या लाटा दिसतात. एक लाट म्हणजे दोन ओळी. स्वेटरची पाठ झाली असेल आणि पुढचा भाग राहिला असेल, तर पाठच तुमचं पुस्तक. तिच्यावर मोजा, बॉर्डर किती ओळींची, मुंढा किती ओळींवर सुरू झाला, आणि तेच आकडे वहीत लिहा.

सुईचा नंबर लक्षात नसतो, ही एक मोठी अडचण. आपल्याकडच्या सुयांचे जुने नंबर उलटे चालतात, हे ध्यानात ठेवा. नंबर मोठा तेवढी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर जाडी, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर.

आणि हातही बदलतो बरं का. पाच वर्षांपूर्वी तुमचा हात सैल असेल, आता घट्ट असेल. म्हणून आधी नमुन्याचा एक लहान चौकोन विणा. चार इंचात किती टाके बसतात ते मोजा. हा कंटाळवाणा वाटतो, पण हिशेब बघा. समजा जुन्या विणीत चार इंचात २२ टाके आहेत आणि पुढच्या भागाला ११० टाके घातले आहेत. तर रुंदी झाली २० इंच. आता तुमच्या घट्ट हाताने चार इंचात २४ टाके बसले, तर तेच ११० टाके सव्वाअठरा इंचाच्या जरा वर जातात. म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंचांचा फरक. पाठ मोठी अन् पोट लहान. अशा वेळी एक नंबर जाड सुई घ्या, पुन्हा चौकोन विणून बघा. जुळलं की मगच पुढे.

सुटलेला टाका

मैत्रिणींनो, विणकाम सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण सुटलेला टाका. एक टाका खाली घसरतो, त्याच्या मागे शिडी पडत जाते, आणि आपण घाबरून सगळं ठेवून देतो. पण हा टाका वर आणायला पाच मिनिटं लागतात. एकदा हे जमलं की विणकामाची अर्धी भीती जाते. म्हणून नीट ऐका.

आधी घसरलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवा. आता तो आणखी खाली जाणार नाही. मग श्वास घ्या, घाई नको.

विणकामाची सुलट बाजू आपल्याकडे करा. सुटलेल्या फासाच्या वर आडवे धागे दिसतील, शिडीच्या पायऱ्यांसारखे. क्रोशाची सुई घ्या. पिन काढून क्रोशाची सुई पुढून त्या फासात घाला. सगळ्यात खालची पायरी सुईच्या आकड्यात पकडा आणि फासातून ओढून बाहेर काढा. नवीन फास तयार झाला. म्हणजे एक ओळ वर आलात. आता त्याच्या वरची पायरी, मग तिच्या वरची. एकही पायरी सोडू नका. वर पोचलात की तो फास डाव्या सुईवर ठेवा, पीळ न पाडता.

उलट बाजूला टाका सुटला असेल तर विणकाम फिरवा आणि सुलट बाजूनेच दुरुस्त करा. सगळ्या ओळी सुलट अशा विणीत मात्र एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागते.

हे शिकायचं कसं? खऱ्या स्वेटरवर नाही. मगाशी विणलेला तो लहान चौकोन घ्या. मुद्दाम एक टाका सोडा, चार ओळी खाली जाऊ द्या, आणि वर आणा. पुन्हा सोडा, पुन्हा आणा. दहा वेळा करा. पोरींना सायकल शिकवताना आपण आधी मैदानात पडू देतो, रस्त्यावर नाही, तसंच.

लोकर कमी पडली तर

जुन्या लोकरीचा तोच रंग इतवारीत, महालात, सीताबर्डीवर शोधत फिरलात तरी तंतोतंत मिळेल असं नाही. एकाच रंगाची लोकरही वेगवेगळ्या वेळी रंगवली की छटा बदलते. म्हणून लेबलावर रंगाच्या नंबराबरोबर रंगवणीच्या घाणीचा, म्हणजे लॉटचा नंबर असतो. नवीन काम सुरू करताना सगळी लोकर एकाच लॉटची घ्या आणि लेबल पिशवीत जपून ठेवा.

पण आता कमी पडलीच आहे, तर लपवायला जाऊ नका, उठून दिसू द्या. जवळचा रंग शोधण्यापेक्षा पूर्ण वेगळा रंग घ्या आणि दोन्ही बाह्यांना, गळ्याला, खालच्या कडेला त्याच्या पट्ट्या द्या. बघणारी म्हणेल, किती छान रंगसंगती केली. छटा थोडीच वेगळी असेल तर दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नवीन, असं आलटूनपालटून विणा. फरक मिसळून जातो.

दुसऱ्या बाहीचा कंटाळा येतो, त्यालाही उपाय आहे. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, बरोबरच विणायच्या. एकदाच टाके वाढवायचे, एकदाच कमी करायचे. दोन्ही सारख्या होतात आणि दुसरी मागे राहत नाही.

सोपं टोपरं, पहिली पुरी वस्तू

ज्यांच्याकडे लवकर होणारं काहीच नाही, त्यांनी उरलेल्या मऊ लोकरीचं नवजात बाळाचं टोपरं करावं. दोन-तीन संध्याकाळींत होतं.

१० नंबरच्या सुया आणि बाळाची मऊ लोकर घ्या. ७२ टाके घाला. दोन सुलट, दोन उलट अशी एक इंच कड विणा. मग एक ओळ सुलट, एक उलट करत एकूण चार इंच होऊ द्या. आता टाके कमी करायचे. सहा सुलट आणि दोनाचा एक, असं ओळभर. ६३ टाके उरतील. पुढची ओळ उलट. मग पाच सुलट आणि दोनाचा एक, उरले ५४. पुन्हा उलट ओळ. असंच चार, तीन, दोन, एक सुलट करत यायचं. टाके ४५, ३६, २७, १८ होत जातील. शेवटी ओळभर दोनाचा एक केला की ९ राहतात. धागा तोडून त्या ९ टाक्यांतून ओवा, घट्ट ओढा आणि बाजूची शिवण घाला. प्रत्येक कमी करण्याच्या ओळीनंतर टाके मोजा. आकडा जुळला की पुढे. हा मोजायचा सराव म्हणजेच विणकामातला आत्मविश्वास.

टोपरंच का सांगते, त्याला कारण आहे. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, आणि हे काम १९९९ साली जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या काळजीत बऱ्याच गोष्टी होत्या. जंतुसंसर्ग ओळखणं, औषध देणं, लगेच अंगावर पाजणं, आणि बाळाला ऊब देणं. २०११ पासून देशभर आशाताई जन्मानंतर घरी भेटी देतात, त्याचं मूळ या कामात आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, उघडं राहिलं की ऊब तिथून जाते. म्हणून थंडीत डोकं झाका, असं आशाताई सांगतात. तुमच्या पेटीतलं अर्धं टोपरं पुरं झालं तर ते गावातल्या एखाद्या बाळाच्या डोक्यावर बसेल.

फक्त तीन गोष्टी पाळा. टोपऱ्याला लांब नाड्या, गोंडे, मणी लावू नका, ते गळ्याला किंवा तोंडात जातात. ॲक्रिलिकची लोकर आगीने वितळून अंगाला चिकटते, म्हणून शेकशेगडीपासून दूर ठेवा. आणि डांबराच्या गोळ्यांत ठेवलेला कपडा बाळाला तसाच घालू नका, काही बाळांना त्यामुळे रक्त कमी होऊन काविळीचा त्रास होतो. धुवून, उन्हात वाळवून, वास गेल्यावरच घाला. बाळाच्या कपड्यात गोळ्या न ठेवलेल्याच बऱ्या. आणि उकाड्यात टोपरं काढून ठेवायचं.

गटाची पंचसूत्री, विणकामाला

आपल्या गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब. तीच विणकामाला लावू या.

बैठक: आठवड्याच्या बैठकीला आपापलं विणकाम घेऊन या. वसुली होईपर्यंत हात चालू द्या. अडलेली बाई तिथेच विचारेल. घरी एकटी अडली तर पिशवी पुन्हा पेटीत जाते.

बचत: रोज चार ओळी. एवढंच. ५० टाक्यांच्या बाहीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. महिन्याला १२० ओळी होतात. इंचाला सात ओळी धरल्या तर सतरा इंच. चार-पाच वर्षांच्या लेकराची बाही दहा-अकरा इंचांची असते. म्हणजे महिन्यात एक बाही होऊन वर काही उरतं. थोडं पण रोज, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले, तिथे रोजची सूतकताई हा दिवसाचा भाग होता. त्याआधी १९२४ साली काँग्रेसने सभासदाकडून महिन्याला २,००० वार सूत मागितलं होतं. एका दिवसात कोण एवढं कातणार? रोज अर्धा तास बसलं तर होत होतं.

कर्ज: सुया, क्रोशाची सुई, उरलेली लोकर एकमेकींना द्या. प्रत्येकीने सगळ्या नंबरच्या सुया घ्यायची गरज नाही. गटाचा एक डबा करा.

परतफेड: जिने टाका उचलायला शिकवलं तिला परत काही द्यायचं नाही. आपण आणखी एकीला शिकवायचं, हीच परतफेड.

हिशेब: शंभर पानी वही घ्या. काय विणते, सुई कोणती, किती टाके घातले, आज कोणत्या ओळीवर थांबले. लिहिता येत नसेल तर रेघा मारा, चार उभ्या अन् पाचवी आडवी. सहा महिन्यांनी काम हातात घेतलं तरी वही सांगेल कुठे होतो.

एकीने मोठी वस्तू पुरी होत नसेल तर मिळून करा. एकीने पाठ, दुसरीने पुढचा भाग, तिसरीने बाह्या. फक्त सगळ्यांनी आधी तोच चौकोन विणून हात जुळवायचा. १९६२ च्या चीनयुद्धात देशभरातल्या बायांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. त्यात सगळ्याच काही तयार विणकाम करणाऱ्या नव्हत्या. २०१६ साली चेन्नईत क्रोशाच्या चौकोनांची एक गोधडी बायांनी जोडली, ११ हजार चौरस मीटरहून मोठी. तिची गिनीज बुकात नोंद झाली. एकेकीच्या हातात मात्र एकच चौकोन होता.

विकायचं का?

हा प्रश्न गटात येतोच, म्हणून सरळ सांगते. पूर्ण स्वेटर हाताने विणून विकायला बसलात तर यंत्राच्या मालाशी भाव जुळत नाही. लोकरीचा खर्च आणि आपले तास धरले तर मजुरी हाती पडत नाही. आधी घरचं पुरं करा. हात बसला, वीण सारखी यायला लागली, की बाळाचा टोपरं-मोजे संच, मफलर अशा लहान वस्तूंचा विचार करा. त्यातही आधी लोकर किती लागली आणि तास किती लागले ते वहीत लिहा, मगच किंमत ठरवा. अंदाजाने किंमत लावली की बाई आपले तास फुकट घालते.

शेवटी एवढंच सांगते. चांगली विणणारी म्हणजे जिचा टाका कधी सुटत नाही ती नव्हे. तिचाही सुटतो. तो उचलता येतो हे तिला माहीत असतं, म्हणून ती घाबरत नाही. पहिली वस्तू वाकडी होईल, एक बाही बोटभर लांब होईल. होऊ द्या. घालणाऱ्याला थंडी वाजणार नाही, आणि दुसरी वस्तू सरळ होईल.

तर या आठवड्याचं काम: पेटी उघडायची, सगळं बाहेर काढायचं, चार प्रश्न विचारायचे, आणि एकच लहान वस्तू निवडायची. पुढच्या बैठकीला ती पिशवीत घालून आणायची. जशी असेल तशी आणा, सुटलेल्या टाक्यांसकट आणा. क्रोशाची सुई आणि सेफ्टी पिन डब्यात ठेवलेली असेल.